नाल्याकाठच्या दोन ओळी

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी पाच एकर केळी आहे. नाल्याकाठची पट्टी झाडांसाठी सोडा, असं गावच्या आराखड्यात ठरतंय. आम्ही खायचं काय?

उत्तर : भाऊ, माझीही केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) नाल्याला लागून होती. शेवटच्या दोन ओळी दर पावसाळ्यात काठासकट खचायच्या आणि मी पुन्हा तिथंच कंद लावायचो. हट्ट, दुसरं काय! शेवटी करंज, जांभूळ, बांबू लावला. आता काठ टिकून आहे.

पण पट्टी फुकट सोडू नका. बांबू कोण तोडणार, चारा कोणाचा, हे ग्रामसभेत लिहून घ्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैतराम पवारांच्या (पद्मश्री २०२५) पुढाकारानं जंगल राखलं, तेही गावानंच नियम करून.

आणि धुळ्याकडची, पांझरा नदीवरची फडपद्धत आठवा, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी रीत. शिवाराचे फड म्हणजे मोठे भाग, एका फडात एकच पीक, पाणी देणारा पाटकरी गावाचा. पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक. पण जमिनी बहुतेक सगळ्या फडांत विखुरलेल्या, म्हणून झळ वाटली जायची. तुमच्याकडे पट्टी एकट्या तुमचीच जातेय की दोन्ही काठांवरच्या सगळ्यांची? आधी ते विचारा. पट्टी मोजायला टेप घेऊन जा.