वाचकांचे प्रश्न : चंदीगडमध्ये काय पाहावे?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक दोन दिवस चंदीगडला जाणार आहोत. आखीव रस्ते आणि बागांखेरीज तेथे पाहण्यासारखे काय आहे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पंचवटीच्या वळणदार गल्ल्यांची सवय असलेल्या आपल्या नजरेला ते शहर प्रथम एकसुरी वाटेल, पण फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती, हे ध्यानात ठेवून पाहिल्यास त्याची आखणी अर्थपूर्ण वाटू लागते. पहिली सकाळ कॅपिटॉल संकुलासाठी राखावी. फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी रचलेली विधानभवन, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांची ही काँक्रीटची वास्तुशिल्पे 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. प्रवेश मार्गदर्शकासोबतच मिळत असल्याने ओळखपत्र जवळ बाळगावे. वाऱ्याबरोबर फिरणारे ‘ओपन हँड’ हे 26 मीटर उंचीचे शिल्पही तेथेच आहे.

रॉक गार्डन मात्र चुकवू नका. रस्तेबांधणी खात्यातील नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या, फरशा आणि टाकाऊ भांड्यांतून अनेक वर्षे गुपचूप उभारलेली ही सृष्टी 1976 मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि शिस्तबद्ध शहराच्या कुशीतील ती मुक्त कल्पकता मला सर्वांत मोलाची वाटते. तेथील वाटा अरुंद व दारे बुटकी आहेत, म्हणून सावकाश चालावे. सायंकाळी जवळच्या सुखना तलावाकाठी विसावा घेता येईल. दुसऱ्या दिवशी सेक्टर 10 मधील शासकीय संग्रहालयात गांधार शैलीची शिल्पे पाहावीत.