सेकंडहँड व्हॅन घेताय? मग टोकन देताना हात जरा आखडता घ्या

प्रश्न : नमस्कार. मी आणि मिस्टर मिळून डब्यांचा धंदा करतो. आत्तापर्यंत रिक्षाने डबे पोचवायचो पण ऑर्डरी वाढल्यात म्हणून मारुतीची सेकंडहँड ईको व्हॅन घ्यायचं चाललंय. एका डीलरकडे २०१८ ची पाच सीटर सीएनजी बघितली, पांढरी नंबरप्लेट, तीन लाख दहा सांगतोय. म्हणतो आज ५० हजार टोकन द्या नि गाडी घेऊन जा, पेपर महिन्याभरात नावावर करून देतो. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, त्याने सह्या केलेले नाव बदलायचे कोरे फॉर्म डीलरने दाखवले. मागच्या सीट काढून डब्यांचा रॅक बसवायचाय. घेऊ का? नंतर काही निघालं तर डीलर जबाबदार असतो ना?
एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, गाडी घ्यायची की नाही ते पुढे बघू, आज टोकन मात्र देऊ नका.

पहिली गोष्ट म्हणजे ही गाडी तुमच्या कामाची आहे का तेच बघायला हवं. पांढरी प्लेट म्हणजे प्रायव्हेट गाडी. मोटार वाहन कायद्यात मालवाहू म्हणून न बनलेली गाडीसुद्धा माल न्यायला वापरली की मालवाहूच धरतात, आणि रोज धंद्याचे डबे भरून फिरणं म्हणजे तेच झालं. पोलिसाने अडवलं तर दंड भरून सुटाल एकवेळ, पण अपघात झाला आणि इन्शुरन्स कंपनीला कळलं की प्रायव्हेट पॉलिसीवर धंदा चालू होता तर क्लेम नाकारायला त्यांना आयतंच कारण मिळतं. सीट काढून रॅक ठोकणं हाही आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीत केलेला बदलच. त्यापेक्षा पिवळ्या प्लेटची, मालवाहू ईको कार्गोच शोधा की. लोक कमर्शियल म्हटलं की घाबरतात पण एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला वेगळं परमिट लागत नाही, आणि लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसं परत एकदा स्पष्ट केलंय. गाडी रस्त्यावर चालण्यालायक असल्याचं फिटनेस सर्टिफिकेट मात्र काढत राहावं लागतं, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. म्हणजे २०१८ चीच कार्गो मिळाली तर दरवर्षीचा हा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.

आता ते कोरे फॉर्म. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते ५ वर्षं चालतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की ते ऑनलाइन आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं की कागदोपत्री डीलरच मालक धरला जातो, पुढची ट्रान्सफर तो स्वतः करू शकतो. मग याला दुसऱ्याच्या सह्यांचे कोरे फॉर्म सांभाळत कशाला बसावं लागतं? एक तर त्याच्याकडे प्रमाणपत्र नसणार, नाहीतर गाडी आपल्या नावावर चढवायचा त्रास त्याला नको असणार. त्याच्या तोंडावर प्रमाणपत्र मागा, चेहरा बघूनच निम्मं उत्तर मिळेल. कोऱ्या फॉर्मचा धोका असा की मूळ मालक गावाला गेला, वारला, सही जुळली नाही किंवा त्याने नंतर हात वर केले तर गाडी तुमच्या दारात पण आरसी त्याच्याच नावावर, आणि तुम्ही चकरा मारत बसणार. बरं त्या मालकाचाही यात फायदा नाही, कारण गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याच्याच गळ्यात पडते असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय. त्यामुळे आरसीवरच्या माणसाशी फोनवर तरी बोलल्याशिवाय व्यवहार करू नका, डीलर नंबर देत नसेल तर उठून यायचं सरळ.

कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढचं बोलूच नका, कर्ज फिटलंय असं तोंडी सांगणारे पैशाला पासरी भेटतात. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीचं वय, फिटनेस, इन्शुरन्स बघा, ट्रॅफिक पोलिसांच्या साइटवर ई-चलन, म्हणजे दंड, किती थकलंय ते बघा. चोरीची शंका आली तर एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या, वाहन समन्वय पोर्टलवर तपासता येतं. आणखी एक, चालू पॉलिसीची कॉपी मागून त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते वाचा. सात-आठ वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला शून्य टक्के असेल तर नुकताच क्लेम झालेला असू शकतो, मग कशाचा ते विचारा.

गाडी बघायला सकाळी जा आणि डीलरला आधीच सांगून ठेवा की इंजिन गार असू दे, सुरू करून ठेवू नको. बरोबर आपला मेकॅनिक न्या, डीलरने सुचवलेला नको. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलून तेलाची गळती आणि जोडलेल्या वायरी बघायच्या. आपल्याकडची खारी हवा नि पावसाळा बघता पत्रा खालून सडलेला असतोच थोडाफार, म्हणून मॅट उचलून फरशी बघा, सरकत्या दाराची पट्टी बघा, दार एका हाताने सरकतं का बघा, कारण दिवसातून पन्नास वेळा तुम्हीच ते उघडणार आहात. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेली गाडी बाहेरून पॉलिश करून चकाचक करतात पण सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर चिखलाची रेघ सापडते, तिथे साफ करायला कोणी जात नाही. सीएनजी टाकीची टेस्ट दर ३ वर्षांनी व्हावी लागते, टाकीच्या प्लेटवरची तारीख स्वतः वाचा, आणि किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजी चढलंय ना ते बघा. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. किलोमीटर मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड मागा.

पैसे बँकेतूनच द्या, २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालतच नाही. करार ५०० च्या स्टॅम्पवर, त्यात चासी नंबर, बोजा नाही, अपघात नाही, पुराची नाही, नावावर कधीपर्यंत करणार, नाही केली तर किती परत, हे सगळं लिहून घ्या. निदान २०-२५ हजार आरसी हातात येईपर्यंत रोखून ठेवा. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळसुद्धा हवी, म्हणजे त्या दिवशी सकाळचं चलन कोणाचं यावरून भांडण नको. डीलर किमतीवर वेगळा १८ टक्के जीएसटी लावायला लागला तर विचारा कशावर, कारण जुन्या गाडीवर तो साधारणपणे त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, अख्ख्या किमतीवर नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर हो, डीलर हा व्यापारी आहे, म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं. धंद्यासाठी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असं त्याचा वकील नक्की म्हणेल, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात येते, कायद्यातच तशी सवलत आहे. तक्रारीची मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, बऱ्याचदा तेवढ्यानेच डीलरचा फोन येतो. बिलावर 'आहे तशी विकली' असं लिहिलं असलं तरी दिसणारे दोष तुमचे, मुद्दाम लपवलेला अपघात किंवा फिरवलेला मीटर त्यात झाकला जात नाही. पण हे सगळं कराराचा कागद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज असतील तरच.

प्रश्न : सोसायटीतल्याच एका काकांकडून जुनी ओम्नी ८० हजारांना घेतली, दुसऱ्याच महिन्यात गिअरबॉक्स गेला. ते म्हणतात विकली तेव्हा चांगली होती. ग्राहक मंचात जाऊ का?
एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : नाही जाता येणार. काका गाड्यांचे व्यापारी नाहीत, एकदाच आपली गाडी विकणाऱ्या माणसावर ग्राहक कायदा लागत नाही. राहिला करार कायदा, तिथे त्यांनी माहीत असून लपवलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि मेकॅनिकला दाखवून का घेतली नाही हा प्रश्न पहिला तुम्हालाच येईल. ओम्नी, म्हणजे सिनेमातली किडनॅपिंगवाल्यांची लाडकी गाडी, १९८४ ला आली आणि २०१९ ला बंद झाली, त्यामुळे आता बाजारातली प्रत्येक ओम्नी म्हातारीच आहे. माझं ऐकाल तर काकांशी बसून खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या, वकिलाच्या फीपेक्षा गिअरबॉक्स स्वस्त पडेल आणि जिन्यात तोंडं फिरवायला नकोत. त्याआधी आरसीवर नोंदणीची तारीख मात्र बघा. १५ वर्षं झाली असतील तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर भरलाय का विचारा, नसेल तर गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नका.

प्रश्न : व्हॅन घेऊन दीड महिना झाला, नावावर झाली, इन्शुरन्स अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. चालू आहे म्हणून राहू दिला तर चालेल?
एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही चालणार. घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचं होतं. थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई होईल, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी झाली तर जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीवर क्लेम अडतो. उद्याच नवी आरसी घेऊन कंपनीकडे अर्ज टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल, त्यावरून एजंटशी वाद घालू नका.