जायकवाडीवर पक्षी वाढले, मग या बगळ्याला धरण का नको?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही अरुणाचल प्रदेशातील नामदफाच्या जंगलात गेलो होतो. नोआ-डिहिंग नदीच्या काठी पांढऱ्या पोटाच्या बगळ्याविषयी ऐकले. हा अतिदुर्मीळ पक्षी धरणांमुळे संकटात आहे, असे समजले. आमच्याकडे जायकवाडी धरण झाल्यावर तर पक्षी वाढले! मग या बगळ्याचे धरणाने काय बिघडते?
– एक वाचक, पैठण

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नाथसागरावर थव्यांनी येणारी बदके मोठ्या, संथ पाण्यात रमतात. हा बगळा मात्र वाहत्या पाण्याचा आहे. आपल्या राखी बगळ्याहून चांगलाच उंच, जवळपास सव्वाशे सेंटिमीटरचा हा पक्षी, नदी जिथे गोट्यांवरून खळाळत उथळ होते तिथे बहुधा एकटाच, बराच वेळ निश्चल उभा राहून मासे टिपतो. धरणाच्या फुगवट्याखाली अशा उथळ जागा बुडाल्या की तिथे त्याला पाय टेकायलाही जागा उरत नाही. धरणाच्या खाली वेगळेच संकट असते, कारण वीजनिर्मितीच्या वेळांनुसार पाणी सोडले जाते आणि पात्र एकाच दिवसात भरते व ओसरते.

त्याला काठावरचे जुने, उंच वृक्षही लागतात. भूतानच्या पुनात्सांगछू नदीच्या खोऱ्यात तो उतारावरील चिर पाइनवर घरटे बांधतो. रस्ते, वणवे, वाळू-खडीचा उपसा आणि विजेच्या तारा यांनी तोही आसरा धोक्यात आला आहे. त्या नदीवरचे मोठे जलविद्युत प्रकल्प भारताच्या साहाय्याने हाती घेतले गेले, त्यामुळे ही केवळ भूतानची अडचण आहे, असे मला म्हणवत नाही. आपल्या लोहित नदीवरील १७५० मेगावॉटच्या नियोजित डेमवे लोअर प्रकल्पावर आक्षेप घेतले गेले, त्यांतही हा बगळा होता.

२००७ पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. प्रत्यक्ष मोजणीत जगभरात जेमतेम साठच्या आसपास पक्षी आढळले आहेत, म्हणजे एका जोडीचे घरटे मोडले तरी ते मोठे नुकसान ठरते. पुन्हा नामदफाला गेलात आणि तो दिसला, तर छायाचित्रासाठी पात्रात उतरू नका. काठावरूनच पाहा, आणि घरटे आढळल्यास त्याची जागा समाजमाध्यमांवर न टाकता फक्त वनखात्याला कळवा.