मिरचीची जेली का आळत नाही?

या वेळच्या टपालात मिरचीच्या जेलीविषयीची पत्रे बरीच आहेत. ढोबळी आणि तिखट मिरची, व्हिनेगर आणि साखर यांपासून होणारा हा आंबट-गोड-तिखट पदार्थ दिसायला सोपा आहे. त्यात नेमके काय घडते हे मात्र एकदा समजून घ्यावे लागते. पत्रांतील मुख्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच मिरचीची जेली केली. व्हिनेगरचा वास फार उग्र वाटला म्हणून ते निम्मेच घातले, आणि भेट द्यायला बऱ्याच बरण्या हव्या होत्या म्हणून सगळे साहित्य दुप्पट घेऊन एकाच पातेल्यात शिजवले. दोन दिवस झाले तरी जेली पाकासारखी पातळच आहे. बरण्या फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. काय चुकले?

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टींनी जेली बिघडवली आहे, आणि त्यांतली व्हिनेगरची चूक अधिक गंभीर आहे.

जेलीला घट्टपणा येतो तो पेक्टिनमुळे. फळांच्या पेशीभित्तिकांतून मिळणाऱ्या या पदार्थाच्या लांबलचक साखळ्या पाण्यात एकमेकींपासून दूर राहतात, कारण त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो. आम्ल घातले की तो भार कमी होतो. साखर भरपूर असली की ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते. आणि मग या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळे तयार होते, ज्यात उरलेले पाणी अडकते. आम्ल, साखर आणि पेक्टिन या तिघांपैकी एक जरी कमी पडले तरी जाळे विणले जात नाही. सफरचंद किंवा लिंबू यांच्यात आंबटपणा मुळातच असतो. मिरचीत तो जवळजवळ नसतो, म्हणून मिरचीच्या जेलीतला सगळा आंबटपणा व्हिनेगरकडूनच यावा लागतो.

हेच व्हिनेगर टिकाऊपणाचीही जबाबदारी घेते. बंद बरणीत हवा नसते, आणि अशा जागी, आंबटपणा पुरेसा नसेल तर, बोटुलिझम हा जीवघेणा विकार निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.6 किंवा त्याहून खाली असेल तर ते वाढत नाहीत. ढोबळ्या मिरचीचा पीएच याच्या बराच वर असतो. म्हणून व्हिनेगर 5 टक्के आम्लतेचेच घ्यावे, ते कमी करू नये आणि त्यात पाणीही मिसळू नये. वासाची काळजी करू नये. उकळताना तो उग्र वाटतो, पण साखरेत मुरल्यावर जेलीत फक्त चटकदार आंबटपणा उरतो.

दुसरी चूक दुप्पट प्रमाणाची. पातेले मोठे झाले की उकळी यायला आणि पाणी आटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तापत राहिलेले पेक्टिन तुटून आपली ताकद घालवते. सहा बरण्या हव्या असतील तेथे दोन घाणे वेगवेगळे करावेत. त्यात वेळ जातो हे खरे आहे, तरी दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

एका घाण्याचे प्रमाण असे ठेवावे. ढोबळी आणि तिखट मिळून 340 ग्रॅम मिरच्या (देठ व बिया काढून), 480 मिलिलिटर व्हिनेगर, 1.2 किलो साखर आणि 170 मिलिलिटर द्रव पेक्टिन. मिरच्या निम्म्या व्हिनेगरबरोबर वाटाव्यात, उरलेले व्हिनेगर आणि साखर घालून 10 मिनिटे उकळावे, मग पेक्टिन घालून पुन्हा अशी उकळी आणावी की ढवळले तरी ती खाली बसणार नाही, आणि त्या उकळीवर नेमके एक मिनिट थांबावे. वर आलेला फेस काढून जेली लगेच गरम बरण्यांत ओतावी, काठापासून सुमारे 6 मिलिमीटर जागा सोडावी, आणि झाकण लावून बरण्या उकळत्या पाण्यात 10 मिनिटे बुडवून ठेवाव्यात. उंचावरच्या ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे हा वेळ वाढवावा लागतो. पेक्टिन पुडीचे असेल तर ते साखरेच्या आधी घालतात आणि त्याचे प्रमाणही निराळे असते. द्रव आणि पुडी यांची अदलाबदल करू नये.

जेली झाली की नाही हे बोटांत तार धरून ठरवू नये. तार साखरेची घनता सांगते, पेक्टिनचे जाळे जमले की नाही ते सांगत नाही. त्यासाठी एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवावी. आच बंद करून तिच्यावर अर्धा चमचा जेली टाकावी, एक मिनिट थांबावे आणि बोटाच्या टोकाने ती हलकेच पुढे ढकलावी. पृष्ठभागावर सुरकुती पडून ती तशीच राहिली तर जेली तयार आहे. बोटामागे पाण्यासारखी परत जुळली तर नाही. बरणीत भरलेली जेली पक्की आळायला कधी कधी दोन दिवसांहून अधिक लागतात, तेव्हा एका रात्रीत निराश होऊ नये.

आपल्या बरण्यांचे मात्र आता काय करावे? व्हिनेगर निम्मे असल्याने त्या पुन्हा शिजवून कपाटात ठेवण्याजोग्या करू नयेत. फ्रिजमध्येच ठेवाव्यात, आणि भाजलेल्या पदार्थांना लावायचा पाक म्हणून लवकर संपवाव्यात. व्हिनेगर पूर्ण घालूनही जेली पातळ राहिली असेल अशा वाचकांसाठी उपाय आहे. एक लिटर जेलीसाठी पाव कप साखर, अर्धा कप पाणी, 2 मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस आणि 4 लहान चमचे पेक्टिनची पूड एकत्र करून उकळावी, तीत जेली मिसळावी, जोरदार उकळीवर अर्धा मिनिट ठेवावी आणि स्वच्छ बरण्यांत पुन्हा भरून पूर्वीप्रमाणे उकळत्या पाण्यात ठेवावी.

प्रश्न : हिरव्या मिरच्यांची जेली शिजताना मळकट, जवळजवळ शेवाळी झाली. मिरच्या ताज्या होत्या. जेली खराब झाली का?

उत्तर : नाही, ती निर्धोक आहे. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की तो अणू निघून जातो आणि रंग मळका होतो. व्हिनेगरशिवाय जेली होत नाही, तेव्हा हा बदल टाळता येत नाही. दुकानातली जेली गर्द हिरवी असते ती बहुधा खाण्याच्या रंगामुळे. रंगाची आवड असेल तर पिकलेल्या लाल मिरच्या घ्याव्यात. त्यांतील रंगद्रव्ये आम्लाला बरीच दाद देत नाहीत, आणि बरणी उजेडात धरली की जेली माणकासारखी चमकते.

प्रश्न : तिखटपणाचा अंदाज कसा घ्यावा? मागच्या वेळी बोटांची आग रात्रभर राहिली.

उत्तर : तिखटपणा बियांत तयार होत नाही, तो मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांत होतो आणि बिया त्यांना चिकटलेल्या असल्याने तिखट लागतात. शिरा काढल्या तर जेली सौम्य होते, काही ठेवल्या तर चढते. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोविल यांनी 1912 मध्ये तिखटपणा मोजण्याची पद्धत सुचवली, आणि आजही मिरच्या त्यांच्या नावाच्या एककात मोजतात. ढोबळी मिरची शून्यावर, हलापेन्यो साधारण 2,500 ते 8,000 आणि हबानेरो एक लाखाहून वर असते. तिखट हवे असेल तर मिरच्यांचे एकूण वजन न वाढवता ढोबळीचा वाटा कमी करून तिखट मिरचीचा वाढवावा. त्याने व्हिनेगरशी असलेले प्रमाण ढळत नाही.

चव गरम जेलीची घेऊ नये. जिभेवर उष्णता आणि तिखटपणा हे एकाच संवेदकाने जाणवतात, त्यामुळे गरम घास असतो त्याहून जास्त जाळतो. बशीवरचा थंड झालेला थेंबच खरे सांगतो.

बोटांच्या आगीचे म्हणाल तर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारा पदार्थ, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग होत नाही. ते तेलात विरघळते. आधी हाताला तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. यापुढे हातमोजे घालूनच मिरच्या चिराव्यात. मी स्वतः एकदा हातमोजे न घालता मिरच्या चिरल्या, सायंकाळी डोळा चोळला आणि तासभर कामाला मुकलो. तेव्हापासून हातमोज्यांशिवाय सुरीला हात लावत नाही. उकळत्या व्हिनेगरची तिखट वाफही खोकला आणते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्न : वाटण्याऐवजी मिरच्या बारीक चिरून घातल्या, तर सगळे तुकडे वर तरंगतात.

उत्तर : पातेले उतरवल्यावर पाच मिनिटे जेली हळूहळू ढवळत राहावी. ती किंचित दाट होते आणि तुकडे मध्येच धरले जातात. मग भरावी. तुकडेही शक्य तितके एकसारखे आणि अगदी लहान करावेत.

प्रश्न : साखर कमी करता येईल का? आणि विकतचे पेक्टिन नसेल तर?

उत्तर : नेहमीच्या पेक्टिनला साखर हवीच. ती कमी केली तर जेली सैल राहते. कमी साखरेसाठी वेगळे पेक्टिन मिळते, जे कॅल्शियमच्या आधाराने आळते. त्याच्यासोबतच्या कृतीप्रमाणेच करावे. आगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा, घट्टपणा आणणारा पदार्थ) वापरले तर साखरेवाचूनही घट्टपणा येतो, पण पोत ठिसूळ होतो, आणि अशी जेली फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावी. घरचे पेक्टिन करायचे असेल तर कच्ची, आंबट सफरचंदे सालीसकट, गाभ्यासकट पाण्यात मऊ शिजवून तो रस कापडातून न पिळता रात्रभर गाळावा. पिळले की जेली गढूळ होते.

प्रश्न : केलेली जेली पावाला लावण्यापलीकडे कशी वापरावी?

उत्तर : मऊ, ताज्या चीजवर ती उत्तम लागते, कारण चीजमधली स्निग्धता तिखट शमवते आणि जेलीचा आंबटपणा चीजचा जडपणा कमी करतो. भाजलेल्या मांसाला, पनीरला किंवा रताळ्याच्या फोडींना लावायची असेल तर ती शेवटच्या पाच-सात मिनिटांतच लावावी. आधी लावली तर साखर जळून कडू होते. जेली घट्ट असेल तर चमचाभर गरम पाणी घालून सैल करावी आणि ब्रशने दोन पातळ थर द्यावेत, एक जाड थर देऊ नये. एक चमचा जेली, एक चमचा व्हिनेगर, तीन चमचे तेल आणि चिमूटभर मीठ झाकणाच्या बाटलीत हलवले की कोशिंबिरीसाठी छान मिश्रण होते, आणि बरणीच्या तळाशी चिकटून राहिलेली जेली संपवायला मी हेच मिश्रण त्याच बरणीत करतो. न उघडलेली बरणी थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर चांगली राहते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि कोरड्या चमच्यानेच काढावी.