बाराव्या आठवड्यात रक्त गोठण्याच्या चाचण्या केल्या तर पुढे प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होणारा आजार) होणार का, हे कळतं का?

नाही कळत. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वहिनीचं पहिलंच बाळंतपण, कोपरखैरण्यातलं. दादाने तिसऱ्या महिन्यातच लॅबचं महागडं पॅकेज घेतलं. पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर, रक्त गोठण्याच्या सगळ्या चाचण्या. रिपोर्ट चांगले आले आणि घर निर्धास्त झालं. आठव्या महिन्यात तिचा चेहरा सुजला, बोटातली अंगठी निघेना. आई म्हणाली, दिवसांत असं व्हायचंच. डोकं ठणकायला लागलं तेव्हा दादा म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, पित्त असेल." मी शेजारच्या काकांचं बीपीचं मशीन आणून लावलं. १६४/११०! त्याच रात्री वाशीला नेलं. लघवीत प्रोटीन, प्लेटलेट्स लाखाच्या खाली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं आणि सिझर केलं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आज दोघंही ठणठणीत आहेत.

दादा अजून विचारतो, मग लॅबने चुकीचे रिपोर्ट दिले का? रिपोर्ट बरोबरच होते रे, पण त्यांचा याच्याशी संबंध नव्हता. गरोदरपणात रक्त तसंही जास्त गोठतं, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर निरोगी बाईचंही वाढतं. प्लेटलेट्स घसरतात त्या आजार जडल्यावर. मूळ बिघाड वारेचा, तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. म्हणून ११ ते १३ आठवड्यांत बघायचं ते बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ, म्हणजे वारेत तयार होणारं एक प्रोटीन. धोका जास्त दिसला तर डॉक्टर रात्रीची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१७ साली आलेल्या अ‍ॅस्प्री अभ्यासात १५० मिलिग्रॅमच्या गोळीने ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. त्या पॅकेजच्या पैशात हे करता आलं असतं, असं मी तेव्हापासून म्हणतेय. आणि लोणचं-पापड खाऊन झालं, हे वहिनीला ऐकवणं तर साफ चूक आहे.

आधी गर्भपात झाले असतील किंवा कधी गुठळी झाली असेल तर अँटिफॉस्फोलिपिडच्या (गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या अँटिबॉडीजच्या) चाचण्यांना अर्थ आहे, ते डॉक्टरांना विचारा. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. डॉपलर-पीएलजीएफमध्येही काही जणी निसटतात, तेव्हा विसाव्या आठवड्यानंतर बीपी मोजत राहा. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० असेल किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर फोनही नको, थेट हॉस्पिटल गाठा.