अतिदक्षता विभागात नळीचे फीड वारंवार थांबवले जात असल्यास

तीव्र स्वादुपिंडदाहामुळे (पॅनक्रियाटायटिस) आपले वडील व्हेंटिलेटरवर आहेत, राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणारी नळी) सुरू केलेले फीड, म्हणजे द्रव आहार, एक-दोन दिवसांआड थांबवले जाते, विचारल्यास ‘सलाइन चालू आहे, काळजी करू नका’ एवढेच सांगितले जाते आणि घरची मंडळी शिरेवाटे पोषण मागून घेण्याचा आग्रह धरत आहेत, असे आपण लिहिले आहे. माझे थोरले बंधू याच आजाराने एका मोठ्या खासगी रुग्णालयात होते आणि आमची तक्रारही हीच होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. पुढील आकड्यांचा उपयोग डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारण्यापुरताच करावा, त्यांवरून मात्रा ठरवू नये.

प्रथम सलाइनविषयी. नॉर्मल सलाइनमध्ये उष्मांक शून्य असतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी असतात. प्रथिने मुळीच नसतात. तेव्हा सलाइन चालू असणे म्हणजे पोषण चालू असणे, हे उत्तर स्वीकारू नका.

आमच्या रुग्णालयातील आहारतज्ज्ञांचा कागद निर्दोष होता. आजारापूर्वीचे वजन ६० किलो धरून प्रतिकिलो २५ किलोकॅलरी म्हणजे दिवसाला १५००, प्रथिने प्रतिकिलो १.३ ग्रॅम म्हणजे ७८ ग्रॅम, आणि एका मिलिलिटरला एक किलोकॅलरी देणारे फीड पंपाने तासाला साधारण ६२ मिलिलिटर, असे सारे त्यात व्यवस्थित लिहिलेले होते. ते रुग्णाच्या पोटात किती पोहोचले, याची बेरीज मात्र कोणीच करत नव्हते. सकाळी सीटी स्कॅन आहे म्हणून मध्यरात्रीपासून एनबीएम (पोटात काहीही द्यायचे नाही) लिहिले जाई. सकाळी तातडीचा दुसरा रुग्ण आला की स्कॅन दुपारवर आणि दुपारचा दुसऱ्या दिवसावर ढकलला जाई. फीड पुन्हा सुरू करण्याचा आदेश कोणी लिहायचा हे ठरलेलेच नसे. सिस्टर रेसिडेंटकडे (निवासी डॉक्टर) बोट दाखवत, रेसिडेंट सर्जनना विचारून सांगतो म्हणत आणि सर्जन संध्याकाळच्या राउंडला येत. आठ तास पंप बंद राहिला तर सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाच्या आहाराचा तिसरा हिस्सा बुडतो, आणि आमच्याकडे तो पुढे कधीही भरून काढला गेला नाही. लेखी तक्रार केली, तेव्हा ‘आहार योजना फाइलमध्ये नोंदवलेली आहे’ असे उत्तर आले. योजनेविषयी आम्ही तक्रार केलीच नव्हती, हे उत्तर देणाऱ्यांना अखेरपर्यंत समजले नाही.

म्हणून माझा सल्ला असा, आणि तो थोडा हट्टी वाटेल: रोज भेटीच्या वेळी ‘आहार किती लिहिला आहे’ असे न विचारता, गेल्या २४ तासांत इनटेक-आउटपुट चार्टप्रमाणे (शरीरात गेलेल्या व बाहेर आलेल्या द्रवाची नोंद) प्रत्यक्ष किती मिलिलिटर गेले, किती तास बंद होते आणि पुन्हा सुरू करण्याचा आदेश कोणाकडे आहे, हे विचारा. काही ठिकाणी ताशी वेगाऐवजी २४ तासांचे एकूण माप ठरवतात आणि खंड पडल्यास पुढील तासांत वेग वाढवून तूट भरतात. तसे करणे शक्य आहे का, एवढे तरी विचारता येईल. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी असताना साध्या स्कॅनसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवण्याची गरज बहुधा नसते, परंतु याबाबत प्रत्येक रुग्णालयाचा नियम निराळा असतो.

फीड थांबवण्याचे दुसरे कारण ॲस्पिरेटचे, म्हणजे नळीतून ओढून पाहिल्यावर जठरातून परत येणाऱ्या द्रवाचे. आमच्याकडे रात्रपाळीत जठरातून १५० मिलिलिटर परत आले तरी फीड बंद होई. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सहा तासांत ५०० मिलिलिटरहून अधिक शिल्लक राहिल्यास फीड लांबवण्याचे सुचवतात, तर अमेरिकेच्या २०१६ च्या तत्त्वांत हे मोजमाप नित्याने करू नये असेच म्हटले आहे. पलंगाचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवणे, जठराची हालचाल वाढवणारे औषध देणे किंवा नळी लहान आतड्यापर्यंत नेणे, हे उपाय फीड बंद करण्याआधीचे आहेत. अर्थात, रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल, आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात असेल, अडथळा असेल किंवा वरच्या पचनमार्गातून रक्तस्राव चालू असेल, तर फीड थांबवणे योग्यच असते. तेथे वाद घालू नये.

शिरेवाटे पोषणाचा आग्रह मात्र मला पटत नाही. स्वादुपिंडाला विश्रांती हवी म्हणून पोट रिकामे ठेवण्याची पद्धत जुनी झाली. तीव्र दाहात आतड्यातून दिलेल्या आहाराने जंतुसंसर्गाचे प्रमाण शिरेवाटे दिलेल्या पोषणापेक्षा कमी राहते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील मोठ्या चाचणीतही, अपुरा पडणारा आहार पहिल्या ४८ तासांतच शिरेवाटे भरून काढण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्या रुग्णांना संसर्ग कमी झाले आणि ते अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर पडले. पहिल्या आठवड्यात आहार कमी पडला म्हणून घाबरून जाऊ नये, हेही त्यावरून लक्षात येते. मात्र हीच तूट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चालू राहिली तर शांत बसू नये, आणि आतडे खरोखरच काम करत नसेल तर शिरेवाटे पोषण नाकारूही नये.

वडिलांनी दाखल होण्यापूर्वी बरेच दिवस नीट खाल्ले नसेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर ते संकोच न करता डॉक्टरांना सांगा. अशा रुग्णाला एकदम पूर्ण आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक रीतीने खाली येऊ शकतात. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, रक्त तपासत, आहार हळूहळू वाढवतात. तेव्हा वेग मुद्दाम कमी ठेवला असेल, तर त्याला हलगर्जीपणा समजू नका. झोपेसाठी दिले जाणारे पांढरे प्रोपोफॉल हे स्निग्ध द्रावण असून त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ किलोकॅलरी मिळतात, म्हणूनही कधी फीड कमी केलेले दिसते.

घरचे सूप आणि नारळपाणी यांबाबत आपण विचारले आहे. डॉक्टरांच्या परवानगीवाचून काहीही नेऊ नये. गाळलेल्या सुपात प्रथिने अगदी थोडी असतात, दाट केले तर नळी तुंबते, आणि मूत्रपिंड बिघडले असेल तर नारळपाण्यातील पोटॅशियम महागात पडते.

आमचा सर्वांत वाईट काळ वॉर्डात हलवल्यानंतर आला. रुग्ण शुद्धीवर आला म्हणून ट्यूब लगेच काढली, गिळण्याची तपासणी केली नाही, आणि ताटातील दोन चमचे भात ‘आहार घेतला’ म्हणून नोंदवला गेला. वडील बाहेर येतील तेव्हा गिळण्याची तपासणी होईपर्यंत, आणि तोंडाने पुरेसे खाल्ले जात असल्याचे मोजून दिसेपर्यंत, ट्यूब ठेवता येईल का, हे अतिदक्षता विभाग सोडण्याआधीच लेखी विचारून घ्या.