वाचकांचे प्रश्न : प्रणाली बदलली, प्रोजेक्ट उघडेना

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत केली आणि व्हिडिओ संपादनाचे काम ठप्प झाले, अशा आशयाची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. ती वाचण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की चित्रीकरणाच्या मूळ फाइली, संपादनाचा प्रोजेक्ट आणि तो उघडणारे सॉफ्टवेअर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रणाली बदलल्यावर बहुधा तिसरी बंद पडते, पहिल्या दोन जागच्या जागी असतात. म्हणून घाबरून काहीही पुसू नये आणि कोणी सांगितले तरी डिस्क फॉरमॅट करू नये.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांचे चित्रीकरण मी अनेक वर्षे फायनल कट प्रो ७ या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरवर संपादित केले. माझ्याकडे २०१२ च्या अखेरचा आयमॅक आहे. जुन्या ब्राउझरवर बँकेचे संकेतस्थळ उघडेना, म्हणून मी सिएरा या मॅकच्या जुन्या प्रणालीवरून थेट कॅटालिना या नंतरच्या प्रणालीवर गेलो. आता फायनल कटच्या चिन्हावर रेघ मारलेले वर्तुळ दिसते आणि ते सुरूच होत नाही. काही जुन्या क्लिपा नुसत्या पाहण्यासाठीही उघडत नाहीत. इतक्या वर्षांचे काम गेले असे समजावे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : काम गेलेले नाही, परंतु ते सोडवून घेण्यासाठी थोडी चिकाटी लागेल. फायनल कट प्रो ७ हे ३२ बिटचे, म्हणजे जुन्या बांधणीचे सॉफ्टवेअर आहे आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिनाने ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवणे पूर्णपणे बंद केले. त्यांना थारा देणारी शेवटची मॅक प्रणाली म्हणजे मोहावे. मात्र फायनल कट ७ ला त्याही आधी, २०१७ च्या हाय सिएरापासूनच, दार बंद झाले होते. त्यामुळे ‘एक पायरी मागे या, मोहावे टाका’ असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. आपल्याला सिएराच हवी. क्लिपा न उघडण्याचे मूळही तेथेच आहे. क्विकटाइम ७ ची ३२ बिटची यंत्रणा कॅटालिनातून काढून टाकली गेली आणि तिच्या आधाराने चालणारे सोरेन्सन, सिनेपॅक यांसारखे कोडेकही (व्हिडिओ आटोपशीर साठवण्याच्या व उलगडण्याच्या पद्धती) तिच्याबरोबर गेले.

आपला आयमॅक २०१२ चा असल्यामुळे तो सिएरा चालवू शकतो, ही मोठी जमेची बाजू आहे. आतल्या डिस्कवरची कॅटालिना तशीच राहू द्यावी आणि यूएसबी ३ ची बाहेरची एसएसडी घेऊन तिच्यावर सिएरा बसवावी. टाइम मशीन या मॅकमधील सोयीने घेतलेला, बदलापूर्वीचा बॅकअप असेल, तर त्या डिस्कवरूनच ऑप्शन कळ दाबून धरून आयमॅक सुरू करावा आणि तो बॅकअप नव्या एसएसडीवर उतरवावा, म्हणजे फायनल कट त्याच्या परवान्यासह परत मिळेल. बॅकअप नसेल, तर अ‍ॅपलच्या साहाय्य-पानावरून सिएराचा इन्स्टॉलर नव्याने उतरवून घ्यावा आणि १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर त्याची सुरू होणारी डिस्क तयार करावी. पूर्वी जपून ठेवलेला इन्स्टॉलर वापरू नये, कारण ऑक्टोबर २०१९ पूर्वी उतरवलेल्या प्रतींचे प्रमाणपत्र कालबाह्य झाले आहे. त्यानंतर फायनल कट स्टुडिओच्या मूळ डीव्हीडी लागतील आणि या आयमॅकमध्ये डीव्हीडीची सोय नसल्यामुळे बाहेरचा ड्राइव्ह कोणाकडून तरी मागून आणावा लागेल.

येथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यावा. कॅटालिना बसवताना आतल्या डिस्कची रचना एपीएफएस या नव्या पद्धतीची झालेली असते. सिएरा ही पद्धत येण्यापूर्वीची असल्याने ती डिस्क तिला नीट वाचता येत नाही. सिएरा सुरू केल्यावर ‘ही डिस्क वाचता येत नाही’ अशी सूचना आली, तर खाली दिसणाऱ्या बटणांपैकी ‘इग्नोर’ निवडावे. ‘इनिशिअलाइझ’ चुकूनही दाबू नये, कारण तो मार्ग डिस्क पुसण्याकडे जातो. हे टाळण्यासाठी आधी कॅटालिनातच सर्व प्रोजेक्ट आणि फुटेज मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धतीच्या वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, ते सिएरातून व्यवस्थित दिसते.

एकदा फायनल कट ७ उघडले, की नव्या संपादनाला हात न लावता फक्त बाहेर काढण्याचे काम करावे. सर्वप्रथम प्रत्येक प्रयोगाची संपूर्ण टाइमलाइन प्रोरेस ४२२ या अ‍ॅपलच्या उच्च दर्जाच्या व्हिडिओ प्रकारात मूव्ही म्हणून काढावी. पूर्ण एचडी आणि सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने तासाला सुमारे ५५ जीबी लागतात, म्हणजे अडीच तासांच्या प्रयोगाला १४० जीबींच्या आसपास. जुन्या, ७२० गुणिले ५७६ आकाराच्या चित्रीकरणाला तासाला १८ जीबी पुरतात. न उघडणाऱ्या क्लिपाही येथूनच प्रोरेसमध्ये करून घ्याव्यात. ज्या प्रयोगांवर पुन्हा काम करायची इच्छा आहे, त्यांच्या टाइमलाइनची एक्सएमएल फाइलही, म्हणजे जोडणीची मजकूररूपातील नोंद, काढावी. ही फाइल डाव्हिंची रिझॉल्व्ह आणि प्रीमियर प्रो या संपादनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरना वाचता येते. गंमत म्हणजे २०११ नंतरच्या नव्या फायनल कटला ती थेट वाचता येत नाही, त्यासाठी मधले रूपांतराचे सॉफ्टवेअर लागते. एक्सएमएलमधून कट, क्लिपांचा क्रम आणि साधे डिझॉल्व्ह येतात. अन्य कंपन्यांचे फिल्टर, लाइव्हटाइप या शीर्षकांच्या सॉफ्टवेअरमधील श्रेयनामावली, बदलता वेग आणि रंगसुधारणा यांचा भरवसा धरू नये. म्हणूनच पूर्ण मूव्ही आधी काढायची: एक्सएमएल उघडताना काही हरवलेच, तर मूळ कसे दिसत होते हे तिच्यावरून पाहता येते. रिझॉल्व्हच्या अलीकडच्या आवृत्त्या कॅटालिनावर चालत नाहीत आणि आपल्या आयमॅकची ग्राफिक्स मेमरीही तुटपुंजी आहे, तेव्हा पुढचे संपादन एखाद्या नव्या यंत्रावर करावे हे बरे.

हा खटाटोप करण्याजोगा आहे का, असे आपल्या पत्रात एके ठिकाणी सूचित झाले आहे. आमच्या मते निश्चितच आहे. तालुक्याच्या गावी झालेल्या हौशी प्रयोगाचे चित्रीकरण दुसरीकडे कोठेही सापडणार नाही, ते आपल्याच डिस्कवर आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फिती मी विंडोज ७ वरील मूव्ही मेकरमध्ये तयार करीत असे. शाळेत विंडोज ११ चे नवे संगणक आले. जुन्या प्रोजेक्टवर क्लिक केल्यावर ‘ही फाइल कशाने उघडू’ असे विचारले जाते. नव्या संगणकातील क्लिपचॅम्पही ती घेत नाही. — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : मूव्ही मेकर ज्या संचातून येत असे, त्या विंडोज इसेन्शिअल्स २०१२ चा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी थांबवला आणि तो उतरवून घेण्याची सोयही काढली. क्लिपचॅम्प हे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतलेले वेगळेच सॉफ्टवेअर असून मूव्ही मेकरच्या प्रोजेक्टशी त्याचा संबंध नाही. शाळेचा जुना संगणक अद्याप सुरू होत असेल, तर सर्वांत सोपा मार्ग हाच, की प्रोजेक्ट तेथे उघडून पूर्ण मूव्ही एमपीफोरमध्ये साठवावी आणि ती फाइल नव्या संगणकावर आणावी. संगणक भंगारात देण्याचे ठरले असेल, तर हे काम होईपर्यंत तो थांबवून ठेवावा.

जुना संगणक हाताशी नसेल, तरीही डब्ल्यूएलएमपी या प्रकारची प्रोजेक्ट फाइल मुकी नाही. तिची प्रत करून ती नोटपॅडमध्ये उघडावी. आत कंसांनी भरलेला मजकूर दिसेल आणि त्यात प्रत्येक छायाचित्राचे, व्हिडिओचे व गाण्याचे नाव, ते कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या फोल्डरमध्ये होते या पत्त्यासह लिहिलेले असेल. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो, केवळ हे पत्ते आणि जोडणीच्या सूचना असतात. पत्त्यांवरून मूळ फाइली शोधून काढल्या, की तीच फीत क्लिपचॅम्पमध्ये नव्याने जुळवता येते. मेहनत आहे, परंतु कोणती छायाचित्रे वापरली होती हे आठवत बसावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. ‘मूव्ही मेकर मोफत’ असा शोध घेऊन सापडेल त्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर उतरवू नये. मूव्ही मेकरच्या नावाने बदललेली प्रत पसरवून, व्हिडिओ साठवताना पैसे मागणारी एक फसवणूक २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने उघडकीस आणली होती.

प्रश्न : लग्नाच्या चित्रीकरणाचा आमचा स्टुडिओ आहे. एडियस आणि प्रीमियर, दोन्हींवर काम चालते, विकत घेतलेले प्लग-इन बरेच आहेत. विंडोज १० वर सतत विंडोज ११ ची सूचना येते. तुळशीचे लग्न झाले की आमचा हंगाम सुरू होतो. आत्ता बदल करावा का? — एक व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : हंगामाच्या तोंडावर मुळीच करू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे आहे आणि बदल कधीतरी करावा लागणार हेही खरे आहे. तथापि सुरक्षेची वाढीव अद्यतने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि व्यवसायांना शुल्क भरून तीन वर्षांपर्यंत घेता येतात. ती घ्यावी, संपादनाचे यंत्र शक्य तितके इंटरनेटपासून दूर ठेवावे आणि हंगाम उरकल्यावर निवांतपणे बदलाकडे वळावे. त्याआधी आपले यंत्र पात्र आहे का, ते पाहावे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

बदल करताना चालू एसएसडीची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर घ्यावी, मूळ एसएसडी काढून कपाटात ठेवावी आणि प्रतीवरच विंडोज ११ चढवावी. विंडोजमध्ये मागे फिरण्याची सोय असते, परंतु तिची मुदत दहा दिवसांची आणि डिस्क साफ करताना जुन्या प्रणालीचे फोल्डर पुसले गेले तर तीही हातची जाते. कपाटातली एसएसडी मात्र एका स्क्रू-ड्रायव्हरच्या अंतरावर असते. त्यानंतर पूर्ण झालेल्या एखाद्या लग्नाच्या प्रोजेक्टची प्रत उघडून त्यातील वरातीचा, भरपूर इफेक्ट असलेला भाग रेंडर करावा आणि विंडोज १० वर निघालेल्या फाइलशी ताडून पाहावा. प्रत म्हणण्याचे कारण असे, की प्रीमियरच्या नव्या आवृत्तीत साठवलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही. स्टुडिओत दोन यंत्रे असतील, तर दोन्हींवर एकाच वेळी प्रयोग करू नये. एक नेहमी जुन्या, चालत्या स्थितीत असावे. डोंगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारे काही असेल, तर त्याचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर निर्मात्याकडे आहे का, हे आधी विचारावे.

मराठी शीर्षकांकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते, कारण इंग्रजी मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच असतो. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये वधूवरांची नावे लिहिलेली असतील आणि नव्या प्रणालीवर तो फॉन्ट बसवायचा राहून गेला असेल, तर नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. मजकूर बिघडलेला नसतो, फॉन्ट बसवला की तो पूर्ववत होतो. युनिकोड मजकुराची अडचण निराळी. प्रीमियर नव्याने बसवल्यावर किंवा त्याची प्राधान्ये मूळ स्थितीला गेल्यावर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. प्राधान्यांतील ग्राफिक्स विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडून शीर्षक पुन्हा लिहिले, की हे दुरुस्त होते. ‘श्रीकृष्ण’ आणि ‘किरण’ हे दोन शब्द टाकून पाहिले, तर दोन्ही दोष लगेच कळतात.

प्रश्न : घरात मिनीडीव्हीच्या चाळीस कॅसेटी आहेत. एम१ च्या मॅकबुक एअरला दोन अ‍ॅडॅप्टर जोडून फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीने मी त्या उतरवीत होतो. टाहो ही नवी प्रणाली घेतल्यापासून कॅमेरा दिसतच नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : कॅमेरा, केबल आणि अ‍ॅडॅप्टर यांत दोष शोधत बसू नये. २०२५ च्या टाहो प्रणालीतून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. आपले यंत्र २०२० च्या पिढीतले असल्याने त्यावर आधीची सिक्वोया चालते. डिस्क युटिलिटीत एपीएफएसचा एक वेगळा व्हॉल्यूम तयार करून त्यावर सिक्वोया बसवावी आणि कॅसेटी उतरवण्यापुरती तीच सुरू करावी. टाहो आणि तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा राहतो. फायरवायरचा अ‍ॅडॅप्टर अ‍ॅपलने विकणे बंद केले आहे, तेव्हा आपल्याजवळचा जपावा. डीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी जागा घेतो. तासाभराच्या चाळीस कॅसेटींना ५२० जीबी लागतील, म्हणजे एक टीबीची डिस्क पुरेल. तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क प्रतीसाठी घ्यावी आणि तिच्यावर प्रत झाल्याखेरीज कोणतीही कॅसेट टाकून देऊ नये.